सातबारा कसा वाचावा : पिंपळे सौदागर ते चाकण, जमिनीची अडीचशे वर्षे

१/
पिंपळे सौदागरच्या उंच इमारतींत पहिले घर घेणाऱ्या तरुणांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते की, पवनाकाठचे हे गाव भारतीय अर्थशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १९१७ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांसह केलेला या गावाचा अभ्यास ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ या नावाने प्रसिद्ध झाला. पिंपरी-चिंचवड व चाकणच्या पट्ट्यात प्रथमच घर, भूखंड वा जमीन घेऊ पाहणाऱ्याने ही कहाणी तिथूनच वाचायला घ्यावी. (थ्रेड)

२/
मॅन यांनी जुनी दफ्तरे चाळून गावातील सरासरी धारणक्षेत्र काढले. १७७१ मध्ये ते ४० एकर होते. १८१८ मध्ये, म्हणजे पेशवाई बुडाली त्या वर्षी, १७॥ एकर. १८२० ते १८४० या काळात १४ एकर. आणि १९१४-१५ मध्ये अवघे ७ एकर. दीडशे वर्षांत एका खातेदाराच्या वाट्याची जमीन सहाव्या हिश्श्याच्या आसपास आली.

३/
त्याहून बोलका आकडा तुकड्यांचा आहे. १५६ जमीनधारकांच्या नावे ७२९ तुकडे होते. त्यांपैकी ४६३ एका एकराहून लहान, तर ११२ पाव एकराहूनही लहान. बाप गेला की प्रत्येक भावाला चांगल्या जमिनीतला वाटा हवा आणि हलक्या जमिनीतलाही. त्यामुळे शेत एकदा नव्हे, दर पिढीला फाटत गेले. मॅन यांच्या दृष्टीने हा शेतीचा ऱ्हास होता. आजच्या खरेदीदाराला त्यातून वेगळाच बोध होतो : या पट्ट्यातील प्रत्येक भूखंडामागे भावकीची एक लांबलचक रांग उभी आहे.

४/
ही रांग समजून घ्यायची तर पेशवाईत जावे लागते. पुणे प्रांतात तेव्हा दोन प्रकारचे शेतकरी होते. मिरासदार किंवा थळकरी हा जमिनीचा वंशपरंपरागत हक्कदार. त्याला जमीन विकता, गहाण टाकता येई. उपरी हा बाहेरून येऊन कराराने कसणारा. मिरास विकली गेली की मिरासपत्र होई आणि त्यावर पाटील, कुलकर्णी, शेजारचे थळकरी, बलुतेदार यांच्या साक्षी पडत. तंटा झाला तर गोतसभा बसे आणि निवाड्याचा महजर होई.

५/
यातील तत्त्व साधे होते. जमिनीचा हक्क दोन माणसांच्या खाजगी बोलीने सिद्ध होत नाही. ज्यांचा त्यात संबंध असू शकतो त्या सर्वांसमोर तो मांडावा लागतो. आज वकील वृत्तपत्रांत ‘जाहीर नोटीस’ देऊन हरकती मागवतात, ती या गोतसभेची दूरची नात मानावी. घाईच्या सौद्यात सर्वांत आधी गाळली जाते तीही हीच पायरी. ‘नोटीस कशाला, घरचाच व्यवहार आहे’ असे विक्रेता म्हणू लागला, तर नोटीस अधिकच आवश्यक ठरते.

६/
१८१८ नंतर इंग्रजांना सारा हवा होता आणि साऱ्यासाठी मोजणी हवी होती. पुणे जिल्ह्यातील प्रिंगलची पहिली मोजणी फसली. आकारणी जड झाली आणि कित्येक शेतकऱ्यांनी जमिनी सोडल्या. मग १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी पद्धत सुरू केली. शेताची हद्द ठरली, प्रत ठरली, तीस वर्षांसाठी आकार ठरला आणि शेताला क्रमांक मिळाला. ‘सर्व्हे नंबर’ हा आज सर्वांच्या तोंडी असलेला शब्द त्या रयतवारी मोजणीची देणगी आहे.

७/
पुढे १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याने अनेक गावांत जुने सर्व्हे नंबर मोडून ‘गट नंबर’ दिले गेले. शहरी भागात नगर भूमापन झाले तिथे सि.टी.एस. नंबर व मिळकत पत्रिका आली. म्हणून १९४० चे खरेदीखत एक क्रमांक सांगते आणि आजचा उतारा दुसरा. या दोहोंना जोडणारा कागद तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. तो न पाहता केलेली खरेदी कधी कधी चुकीच्या शेताची खरेदी ठरते. सरकारी मोजणी करून खांब रोवून घेण्याचा खर्च त्या मानाने किरकोळ असतो.

८/
१८७५ च्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. इतिहासात हे ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखले जातात. पुणे व नगर जिल्ह्यांत ठिकठिकाणी जमावाचे लक्ष एकाच वस्तूवर होते : कर्जरोखे आणि खतपत्रे. ती हिसकावून जाळली गेली. ज्या कागदांवर अंगठे उमटवले होते ते कागद अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हते, आणि त्याच कागदांनी त्याचे शेत जात होते. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा या वणव्यातून निघाला.

९/
दीडशे वर्षांनंतर खरेदीदार पदवीधर असतो. तरीही साठेखताची चाळीस पाने न वाचता तो प्रत्येक पानावर सही करतो. अक्षरओळख असणे आणि कागद वाचता येणे यांतले अंतर तेव्हाही महाग पडत होते, आजही पडते. ताबा कधी, उशीर झाल्यास व्याज किती, वाहनतळ कोणाचा, जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे केव्हा होणार, एवढी चार कलमे तरी सहीपूर्वी स्वतः वाचलेली असावीत.

१०/
सातबाऱ्याचा जन्म विसाव्या शतकातला. १९०३ च्या मुंबई कायद्याने ‘हक्कनोंदणी’ आली आणि १९१३ मध्ये ती जमीन महसूल कायद्यात सामावली गेली. गाव नमुना ७ मध्ये हक्क, नमुना १२ मध्ये पिके; दोन्ही एकाच कागदावर आले आणि लोकांनी त्याला ‘सातबारा’ म्हटले. नमुना ६ म्हणजे फेरफार : कोणाचे नाव का चढले आणि का उतरले याची रोजनिशी. नमुना ८अ म्हणजे एका खातेदाराची गावातील सारी जमीन.

११/
इथेच बहुतेकांचा पहिला गैरसमज होतो. सातबारा मुळात सारा कोणाकडून वसूल करायचा हे सांगण्यासाठी जन्मला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार त्यातील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, एवढेच. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. मालकी येते ती नोंदणीकृत खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र किंवा वारसा यांतून. उतारा हे पुस्तकाचे मुखपृष्ठ आहे. पुस्तक फेरफारांत आणि दस्तांत असते.

१२/
इतिहासाचा विद्यार्थी साधनांची पारख करताना तीन प्रश्न विचारतो : लिहिले कोणी, कशासाठी आणि दुसऱ्या साधनाशी जुळते का? जमिनीच्या कागदांनाही हेच प्रश्न लागू पडतात. वकील साधारणपणे तीस वर्षांचा शोध घेतात. दुय्यम निबंधकांकडील सूची क्रमांक २, तलाठ्याकडील फेरफार आणि जागेवरचा प्रत्यक्ष ताबा या तिन्ही साक्षी एकच गोष्ट सांगत असतील तर पुढे जावे. एक जरी फितूर असेल तर आधी कारण शोधावे.

१३/
सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा रकाना असतो. त्यात गेल्या शतकाचा सारा सामाजिक इतिहास दाटीवाटीने बसला आहे. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा ‘कृषक दिन’ यांनी कसणाऱ्या कुळाला मालक केले. ही जमीन पुन्हा सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून कलम ४३ ने विक्रीवर परवानगीचे बंधन घातले. २०१४ च्या दुरुस्तीने कुळाच्या खरेदीला दहा वर्षे झाली असल्यास आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून हा मार्ग सुकर केला. तरी नजराणा भरल्याची नोंद डोळ्यांनी पाहावीच लागते.

१४/
वतनी व इनामी जमिनींची गोष्ट तशीच. चिंचवडच्या मोरया गोसावींच्या देवसंस्थानाला मराठाकाळात गावे इनाम होती. अशा देवस्थान इनामात धनी देवता असते; कसणाऱ्याचे वा वहिवाटदाराचे नाव असले तरी शासनाच्या परवानगीवाचून ती जमीन विकता येत नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली आणि जमिनी पूर्वीच्या धारकांना बंधनासह परत मिळाल्या. अशा बंधनातील जमिनींपुढे ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले असते. ‘वर्ग २’ ही दोन अक्षरे स्वस्त भावाचे खरे कारण असू शकतात.

१५/
मग या पट्ट्यात यंत्रे आली. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि साठच्या दशकात टेल्को, बजाज यांसारख्या कारखान्यांनी माळरानांचा चेहरा पालटला. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महानगरपालिका. ज्या गावांत जमिनीची किंमत पाण्यावर व मातीच्या प्रतीवर ठरत होती, तिथे ती आता शासनाच्या एका अधिसूचनेवर ठरू लागली.

१६/
या बदलाची किंमत मोजली ती मूळ शेतकऱ्याने. प्राधिकरणासाठी जमिनी संपादित झाल्या. मिळालेला मोबदला आणि त्याच जमिनीला पुढे आलेला भाव यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडले. ‘साडेबारा टक्के परतावा’ ही मागणी त्यातून जन्मली आणि दशकानुदशके चालत राहिली. २०२१ मध्ये प्राधिकरण पीएमआरडीएत विलीन झाले, तरी त्या संपादनाचे वाद संपले नाहीत. संपादनाचा, आरक्षणाचा किंवा परताव्याचा शेरा असलेली जागा घेणारा खरेदीदार नकळत त्या जुन्या वादातला पक्षकार होतो.

१७/
आणखी एक बारकावा. प्राधिकरणाने भूखंड ९९ वर्षांच्या आणि औद्योगिक महामंडळाने ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. अशा जागेत खरेदीदाराला मिळतो तो पट्ट्याचा उरलेला काळ. हस्तांतरासाठी पट्टा देणाऱ्या संस्थेची परवानगी व शुल्क लागते. निगडी-आकुर्डीत घर घेताना किंवा चाकणला गाळा घेताना किती वर्षे उरली, हे विचारणे अनमान करण्याजोगे नाही. कर्ज देणारी बँकही तेच विचारते.

१८/
कामगार आले, पण त्यांच्यासाठी परवडणारी अधिकृत घरे त्या वेगाने आली नाहीत. शेतकऱ्याकडे जमीन होती, कामगाराकडे थोडी बचत. त्यातून गुंठेवारी फोफावली. एक एकर म्हणजे ४० गुंठे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. मॅन यांनी ज्या पाव एकराच्या तुकड्यांवर चिंता व्यक्त केली, त्याच पाव एकरात आता दहा घरे बसू लागली. विकणाऱ्याला लोक ‘गुंठामंत्री’ म्हणून हसले; परंतु घेणारा आणि विकणारा दोघेही आपापल्या गरजेने बांधलेले होते.

१९/
तुकडेबंदी कायदा असताना हे व्यवहार कसे झाले? सामाईक खातेदार म्हणून नावे चढवून, कुलमुखत्यारपत्रावर, किंवा नुसत्या नोटरीच्या साठेखतावर. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला, तुकडेबंदीतही वेळोवेळी सवलती मिळाल्या. पण सवलत हा हक्क नव्हे. कुलमुखत्यारपत्राने स्थावराची मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ‘सूरज लॅम्प’ निकालात निःसंदिग्धपणे सांगितले. नोंदणीकृत खरेदीखत होत नसेल तर व्यवहार होत नाही, असेच नवख्याने समजावे.

२०/
अनधिकृत बांधकामांवर मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत ‘शास्ती’ बसू लागली, तेव्हा शहरातील हजारो घरांचा हिशेब कोलमडला. पुष्कळ वर्षांच्या आंदोलनांनंतर २०२३ मध्ये शास्ती माफ झाली. माफीने दंड गेला; बांधकाम मात्र अधिकृत झाले नाही. कराची पावती, वीजबिल आणि नळजोड ही राहण्याची साक्ष आहे, बांधकाम परवान्याची नव्हे. मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र हे तीन कागद त्यांच्या जागी दुसरे काही चालू देत नाहीत.

२१/
चिखलीत इंद्रायणीच्या काठी याचा सर्वांत कठोर धडा मिळाला. निळ्या पूररेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशाने, सर्वोच्च न्यायालयात दाद मागूनही, मे २०२५ मध्ये पाडण्यात आले. आयुष्याची पुंजी एका दिवसात मातीला मिळाली. पूररेषेचा नकाशा जलसंपदा विभागाकडे असतो आणि महापालिकेच्या विकास आराखड्यावरही ती रेषा दिसते. नदीकाठचा ‘निसर्गरम्य’ भूखंड पाहण्याआधी तो नकाशा पाहावा.

२२/
दुसरी अदृश्य रेषा संरक्षण खात्याची. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती १९०३ च्या संरक्षण बांधकाम कायद्याखाली २००० यार्डांचे निर्बंधित क्षेत्र आहे. लोक त्याला ‘रेड झोन’ म्हणतात. निगडी, तळवडे, चिखली, किवळे या परिसरांतील काही भाग त्यात येतो. सातबाऱ्यावर अशी रेषा प्रत्येक वेळी दिसेलच असे नाही. झोन दाखला आणि भाग नकाशा ही स्वतंत्र कागदपत्रे मागवावी लागतात ती यासाठीच.

२३/
आता चाकण. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी शाहिस्तेखानाच्या फौजेविरुद्ध संग्रामदुर्ग सुमारे दोन महिने झुंजवला, कारण हा भुईकोट मोक्याच्या वाटांवर होता. पुढे तिथे कांद्याचा बाजार नावारूपाला आला आणि नव्वदच्या दशकानंतर वाहन उद्योग. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. वाट, बाजार, कारखाना : चाकणचे मोल दर वेळी जाण्यायेण्यावर ठरले. म्हणूनच इथल्या भूखंडांच्या जाहिराती रस्त्यांच्या, विमानतळाच्या नावाने होतात.

२४/
या भागातील विमानतळाची चर्चा वर्षानुवर्षे चालली. त्या आशेवर खेड तालुक्यात जमिनींचे भाव चढले. २०१६ मध्ये शासनाने पुरंदरची निवड जाहीर केली आणि आशेवर घेतलेल्या जमिनी आशेसह पडून राहिल्या. घोषणा, प्रारूप आराखडा, अंतिम मंजुरी, भूसंपादन आणि प्रत्यक्ष काम या पाच वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर पाचवीचा भाव देणारा गुंतवणूकदार दुसऱ्याचा नफा भरत असतो. शेती विभागातील जमीन शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून घेता येत नाही, हेही ‘फार्म प्लॉट’च्या जाहिरातीत बारीक अक्षरांत राहते.

२५/
घर बांधून घेणाऱ्यांसाठी १९६३ च्या मोफा कायद्यानंतर २०१६ चा रेरा आला. महारेराचे काम १ मे २०१७ पासून सुरू झाले. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. खरेदीदारांच्या पैशातील ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असलेले छोटे प्रकल्प यातून सुटतात; गावठाणालगतच्या अनेक लहान इमारती नेमक्या याच मापात बसतात. शिवाय रेरा क्रमांक म्हणजे मालकीहक्काची हमी नव्हे.

२६/
पुन्हा एकदा पिंपळे सौदागरच्या भावकीकडे. मॅन यांच्या काळात वाटणी भावांत होई. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद मानले, २००५ मध्ये देशाने तेच केले आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वडील त्या दुरुस्तीच्या दिवशी हयात नसले तरी हा हक्क अबाधित असल्याचे सांगितले. म्हणून वारस नोंदीत बहिणींची नावे आहेत का, असल्यास त्यांनी खरेदीखतावर सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिले आहे का, हे पाहावे. ‘बहिणी काही म्हणणार नाहीत’ हे वाक्य या पट्ट्यातील असंख्य दाव्यांचे पहिले वाक्य आहे.

२७/
थोडक्यात क्रम असा. आधी नकाशा : झोन, पूररेषा, रेड झोन, आरक्षण. मग इतिहास : तीस वर्षांचे फेरफार, सूची क्रमांक २, इतर हक्क, वर्ग १ की वर्ग २. मग माणसे : सारे वारस, ताबेदार, जाहीर नोटीस. मग परवाने : मंजूर नकाशा, रेरा, भोगवटा. सर्वांत शेवटी पैसा, तोही बँकेतून आणि नोंदणीकृत दस्तावर. जमीन हवी तेव्हा विकली जात नाही. म्हणून अडीअडचणीची रक्कम त्यात अडकवू नये. वकील विक्रेत्याने सुचवलेला नसावा.

२८/
१७७१ च्या चाळीस एकरांच्या खात्यापासून आजच्या नवव्या मजल्यावरील दोन खोल्यांपर्यंत पिंपळे सौदागरची माती तीच आहे. तिच्यावर मिरास, सर्व्हे, हक्कनोंदणी, कूळहक्क, संपादन आणि आराखडा असे थर चढत गेले. प्रत्येक थर कोणाच्या तरी न्यायासाठी किंवा कोणाच्या तरी सोयीसाठी चढला आणि प्रत्येकाने उताऱ्यावर आपला शेरा ठेवला. विसार देण्यापूर्वी तो उतारा वरपासून खालपर्यंत, ‘इतर हक्क’ या रकान्यासकट, एकदा मोठ्याने वाचून पाहावा. जो शेरा कळला नाही, त्याचा फेरफार काढावा.